तुझ्याच रक्तातलं पिवळं पाणी

आई, तू उभ्यानेच जेवायचीस. एका हातात भाकर, दुसरा हात इस्त्रीच्या मुठीवर. बसलीस तर कोळसे विझणार, कोळसे विझले तर संध्याकाळचे कपडे राहणार, आणि सकाळी कोणाचा तरी ऑफिसचा शर्ट चुरगळलेला निघाला की ते गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर जाणार. नंदनवनातल्या कोपऱ्यावर आपला ठेला. वर ताडपत्री, बाजूला धुतलेल्या चादरींचा पडदा. मे महिन्यात अख्खं नागपूर कूलरपुढे लोळत असायचं आणि तू निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री घेऊन उन्हात उभी. बाबा सायकलवर फ्लॅटाफ्लॅटातून गाठोडी गोळा करायचे, लकडगंजातून कोळसा आणायचे. मी ठेल्याखालच्या फळीवर बसून अभ्यास करायचे. वरून ठिणगी पडून माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला अर्धा आफ्रिका जळाला, तेव्हा तू म्हणालीस, "तिकडं जायचं हाय काय तुले? बाकीचं वाच."

तेरवी झाली, पाहुणे गेले. बाबा ओसरीत बसून असतात. भेटायला येणारे म्हणतात, झोपेत गेली, सुटली बिचारी. मी मान हलवते. तू कशातूनही सुटायला बघत नव्हतीस हे त्यांना काय सांगायचं? आणि मला ज्याच्याबद्दल बोलायचंय ते कोणी विचारत नाही. म्हणून तुलाच लिहिते. तुझ्या पायाबद्दल.

मी सहावीत होते. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला तुला खाज सुटली. तू खाजवलंस, बारीकसं फुटलं, तू हळद दाबलीस आणि पुढच्या शर्टाची कॉलर घेतलीस. हळदीनंतर कडुनिंबाचा पाला झाला, मलमं झाली, महालातल्या एका वैद्याचं तेल झालं. जखम भरायची नाही. कधी पापुद्रा धरायची, आपल्याला वाटायचं झालं आता, आणि आठवड्यात तो ओला होऊन निघून यायचा. मी दहावीला गेले तेव्हा ती माझ्या तळहाताएवढी झाली होती. आजूबाजूची कातडी काळी, कडक, लाकडासारखी.

आणि वास यायचा. आपल्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नाही, मी आज लिहिते. तुला तो आमच्या आधी कळला होता. रात्री घरी तू जेवायला सगळ्यांच्या नंतर, अंगणात बसू लागलीस. ठेल्यावर चादरींचा पडदा बाजूने पुढे आला, तुझ्या पायांसमोर. गिऱ्हाइकाला वाटायचं वाळत घातल्यात. लग्नाकार्याला तू आहेर बाबांच्या हाती पाठवायचीस. काकूने एकदा हळदीकुंकवाला बोलावलं, तू दारातच कुंकू लावून घेऊन परत फिरलीस. "ठेला उघडा हाय," म्हणालीस. ठेला त्या दिवशी बंद होता.

मी पदवीधर झाले. आपल्या सगळ्या खानदानात पहिली, नुसती मुलींत नाही, मुलांतही पहिलीच. हे मी कोणी विचारायच्या आधी सांगते आणि सांगत राहणार. पदवीदानाचा भाड्याचा गाऊन तू तीनदा पाणी शिंपडून इस्त्री केलास. घडी अशी, की मैत्रिणी विचारायला लागल्या नवा शिवलास का. मी म्हटलं, आई, चल.

"मी काय करू तिथं येऊन?"

"बस. टाळ्या वाजव."

"एवढ्या लोकांत मी बसली तर माह्या बाजूच्या खुर्च्या खाली होतील वं, वर्षे. मंग तू वरून पाहशील तर तुले काय दिसंल? जा. गाऊन चुरगळू नोको."

मी गेले. वरून खाली पाहिलंच नाही.

शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, त्या वर्षाची गोष्ट. आपल्या गल्लीच्या मागे डॉक्टर मॅडम राहायला आल्या होत्या. त्यांचे पांढरे कोट बाबा आणायचे. एक दिवस मॅडम स्वतः कोट न्यायला आल्या. मी शाळेतून येऊन ठेल्याला टेकून उभी होते. त्यांनी कोट घेतला आणि तिथेच थांबल्या. मला कळलं, त्यांना वास आलाय.

"काकू, ती चादर बाजूला करा."

"ओली हाय मॅडम."

"पाय दाखवा."

"तुमचा कोट तयार हाय. घेऊन जा नं."

मॅडमने कोट परत ठेल्यावर ठेवला आणि स्वतःच चादर सारली. मग भररस्त्यात, नंदनवनच्या चौकात, तुझ्या पायाशी उकिडवी बसली ती बाई. नाकाला रुमाल नाही. तू एवढी गोरीमोरी झालीस, की इस्त्री कोणाच्या तरी पँटीवर तशीच राहिली, आणि त्या पँटीचं पुढे काय झालं ते बाबांनी निस्तरलं.

त्यांनी सांगितलं ते मी तुला दोनदा समजावलं, तरी तुझा राग गेला नाही. पायातलं रक्त वर चढायला शिरांमध्ये झडपा असतात. वर्षानुवर्षं उभं राहून तुझ्या झडपा सैल पडल्या, रक्त खालीच तुंबलं, कातडी आतून उपाशी राहिली. म्हणून जखम भरत नव्हती.

"म्हणजे उभी राहून राहून झालं?"

"हो काकू."

"मंग काय बसून इस्त्री करू? बसून कॉलर निघते काय? तुमचा कोट बसून केला असता तर तुम्ही घातला असता?"

मॅडम हसल्या. "नसता घातला. उद्या दवाखान्यात या."

सरकारी दवाखान्यात आधी बाकीचं सगळं तपासलं. साखर, पायाच्या धमन्यांतलं रक्त, जखमेतले जंतू. गोळ्या झाल्या. मेलेलं मांस हळूहळू काढलं, तू दात आवळून छताकडे पाहत राहिलीस. पायावर ताणाची पट्टी आली, लवचिक, खालून वर घट्ट गुंडाळायची. झोपताना पाय उशीवर. वास गेला, तेवढ्यानेच मला देव भेटल्यासारखं झालं होतं. पण जखम हलेना. तेव्हा मॅडम म्हणाल्या, काकूंच्याच रक्तातून एक गोष्ट काढून त्यांच्याच जखमेवर ठेवून पाहू. "ही जादू नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "कोणाला लागू पडते, कोणाला नाही. मी वचन देत नाही."

घरी आल्यावर तू बाबांना म्हणालीस, "ऐकलं काय? माह्यं रक्त काढून माह्याच पायाले लावतेत म्हणे. याच्यापेक्षा मी पाय आपटला असता तर रक्त तसंच आलं असतं."

बाबा म्हणाले, "आपट मंग."

ते भांडण तिथेच थांबलं आणि तू दवाखान्यात गेलीस.

आई, आता तो दिवस. मी शिकलेली आहे, विज्ञान शिकवते, आणि तरी सांगते की त्या लहानशा खोलीत शिरताना चपला बाहेर काढायला हव्या होत्या असं मला नंतर वाटलं.

तुझ्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी लहान लहान नळ्यांत रक्त घेतलं. काळपट लाल. त्या नळ्या एका यंत्रात समोरासमोर बसवल्या, झाकण लावलं, आणि ते घुमायला लागलं.

"मिक्सर हाय काय हो हा?"

"तसंच समजा काकू. फक्त हा मिसळत नाही, वेगळं करतो."

यंत्र थांबलं. मॅडमनी नळी उजेडाकडे धरली. खाली गडद लाल. वर पिवळं, नितळ, पलीकडची खिडकी दिसेल इतकं. आणि दोन्हींच्या मध्ये सायीचा असावा तसा एक पांढुरका पदर. तेच रक्त, थोड्या वेळापूर्वी सगळं एकसारखं लाल होतं. तू उठून बसलीस.

"हे माह्यातलं हाय?"

"तुमचंच."

"हळदीच्या पाण्यावानी दिसून राहिलं." तू त्या नळीकडे अशी पाहत होतीस, जशी मी जन्मले तेव्हा माझ्याकडे पाहिलं असशील. "मी इतली वर्षं बाहेरून हळद लावून राहिली होती वं, वर्षे. अन् आत हे होतं."

आठवीच्या पुस्तकात आहे, रक्तपट्टिका रक्त गोठवण्यास मदत करतात. एका मार्काचं वाक्य. मी ते पाठ करून मार्क मिळवला, पुढे मुलांकडून पाठ करून घेतलं. मॅडम त्या पांढुरक्या पदराकडे बोट दाखवून म्हणाल्या, या नुसत्या गोठवत नाहीत. यांच्या पोटात निरोप भरलेले असतात. जखम झाली की या तिथे जाऊन फुटतात, आजूबाजूच्या पेशींना हाक मारतात, या, वाढा, नव्या बारीक रक्तवाहिन्या काढा, मांस भरा. काकूंच्या जखमेत इतकी वर्षं ती हाक पुरेशी पोचलीच नाही. आपण फक्त हाक मारणाऱ्यांना गोळा करून त्या जागेवर नेऊन बसवतोय.

पिवळा भाग त्या पांढुरक्या पदरासकट वेगळा काढून पुन्हा एकदा फिरवला. तळाशी उरलेलं थोडंसं वाटीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. आणि ते आमच्या डोळ्यांसमोर जमलं, आई. पातळ पाण्याचं खरवसासारखं थरथरतं काहीतरी झालं. मॅडमनी ते चिमट्याने अलगद उचलून तुझ्या जखमेवर ठेवलं. तुझ्यातून निघालेलं तुझ्यात परत गेलं. मध्ये फक्त एक यंत्र आणि एक वाटी. मला तेव्हा वाटलं, कोणीतरी या गोष्टीपुढे हात जोडायला हवेत. मी जोडले नाहीत, तू जोडलेस. यंत्राला. मग मॅडमला. मग थोडा विचार करून आपल्याच दंडाला हात लावून तो कपाळाला लावलास.

आतली पट्टी आठवडाभर उघडायची नव्हती. वरची ताणाची पट्टी रात्री सोडायची, सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी बांधायची. ती तू स्वतःच बांधायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस. "तू काय मले लहान पोट्टी समजतं?" दर आठवड्याला मॅडम पुन्हा रक्त घेऊन तेच करायच्या. पहिल्या काही वेळांत जखमेचा करडा, शेवाळी तळ गेला आणि डाळिंबाचे दाणे दिसावेत तसे लाल कण वर आले. मी शाळेत पोरांना उगाचच पेढे वाटले.

आणि मग सगळं थांबलं. लाल होतं, पण जखम लहान होईना. आठवडा गेला, दुसरा गेला. संध्याकाळी तुझा पाय पुन्हा सुजायला लागला. माझी काकू घरी येऊन म्हणाली, रक्त काढून काढून बाई वाळली, आता पुरे करा. आणि तू मॅडमसमोर सरळ सांगितलंस, "राहू द्या मॅडम. माह्या रक्तात दम नाही. ज्याच्या रक्तात असंल त्याच्यावर करा."

मला ते ऐकवलं नाही. ज्या बाईने घर चालवलं, मला शिकवलं, ती म्हणते तिच्या रक्तात दम नाही. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनी तुझ्या पायावरच्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं.

"काकू, ही पट्टी कुठली?"

"तुम्हीच देली. दोन हाय. एक पायावर, एक धुवायला."

"धुता कशी?"

"रोज धुते. गार पाण्यात. अन् मंग कडक इस्त्री मारते."

"इस्त्री?"

"कोळशाची. पाणी शिंपडून, दाबून. पाहा नं, एक सुरकुती सापडली तर सांगा."

खरोखर एक सुरकुती नव्हती. पट्टी कागदासारखी सपाट होती, आणि कागदाइतकीच ताणली जात होती. तिच्यातलं सगळं रबर तुझ्या इस्त्रीने मारलं होतं. एवढे आठवडे तू पायावर एक सुंदर, निरुपयोगी फडकं गुंडाळत होतीस, आणि आत खाली तुंबलेलं रक्त पुन्हा जखम अडवून धरत होतं. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांना हसू आवरेना. मलाही. तू मात्र चिडलीस.

"हसून कायले राहिल्या? एवढ्या मोठ्या दवाखान्यात मी चुरगळलेली पट्टी घालून येऊ? लोक म्हणतील, इस्त्रीवाली हाय अन् पायाची पट्टी पाहा!"

"काकू," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या रक्तात दम आहे. पट्टीत नव्हता."

तू हळूच विचारलंस, "पक्कं?"

नवी पट्टी आली. ती वाळत घातलेली असायची तेव्हा तू तिच्याकडे तोंड वाकडं करून पाहायचीस, त्या सुरकुत्या तुला सहन व्हायच्या नाहीत, पण हात लावला नाहीस. ठेल्यावर बाबांनी उंच स्टूल आणून ठेवलं. तू त्यावर कपडे ठेवायचीस. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे ठेला बंद कर, मी कमावते. तू म्हणायचीस, तू शाळेत काय बसून शिकवतं?

जखम कडेकडेने आवळत गेली. गुलाबी, पातळ नवी कातडी काठावरून आत सरकायची. मी तुझ्या पायाशी बसून पाहायचे, रोज काहीच हललेलं दिसायचं नाही आणि आठवड्याने हललेलं असायचं. कोणी करत नव्हतं ते. कोणी शिवत नव्हतं, चिकटवत नव्हतं. तुझ्यातलंच काहीतरी तुझी दुरुस्ती करत होतं, तू कोणाच्या तरी साडीच्या निऱ्या दाबत असतानाही, झोपेतही. मी इतकी वर्षं पुस्तकातून जे शिकले त्यात अचंबा हा शब्द कुठे नव्हता. तो मी तुझ्या घोट्याजवळ शिकले.

एक दिवस मॅडमनी आतली पट्टी उचलली, ती कोरडी होती. तू हात पुढे केलास. कापसाची ती चौकोनी घडी घेतलीस, उजेडाकडे धरलीस, उलटी केलीस, पुन्हा सुलटी, गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट तपासावा तशी. सगळे थांबले होते.

"डाग नाही," तू म्हणालीस.

त्यानंतर आपला नवा वाद सुरू झाला. तू ठेल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस, माह्या रक्तानंच भरलं. मी म्हणायचे, आई, पट्टीचंही सांग, नुसत्या रक्ताने झालं नसतं, लोक चुकीचं समजतील. "पट्टी काय दुकानात भेटते," तू म्हणायचीस. "रक्त माह्यं हाय." मी खरं तेच सांगत होते. तूही सांगत होतीस. पायावर ती पट्टी तू पुढेही रोज बांधलीस, हे मला पुरेसं होतं, तरी मी दर वेळी वाद घालायचे. आता घालायला कोणी नाही, म्हणून लिहून टाकते. दोन्हींनी झालं. पण आधी तुझ्या रक्ताचं नाव घेईन, चल.

एक तुला कधी सांगितलं नाही. आठवीला रक्ताचा धडा येतो, तेव्हा मी पुस्तक मिटते आणि तुझी गोष्ट सांगते. वासासकट, इस्त्री केलेल्या पट्टीसकट. पोरं आधी हसतात. मग पिवळ्या पाण्याची गोष्ट येते तेव्हा कोणीतरी पोरगी आपलं मनगट उलटं करून निळ्या शिरांकडे पाहत बसते. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माह्या पायाची बदनामी कायले करून राहिली. म्हणून नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

काकूच्या पोरीच्या लग्नात तू पंगतीत बसलीस, मधोमध. मी वाढत होते. दोन्ही बाजूंच्या बाया तुझ्याशी बोलत होत्या, एकीचा गुडघा तुझ्या गुडघ्याला लागत होता. तू जिलबी मागून घेतलीस. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "पुढं जा नं, इथंच काहून उभी हाय?" मला पुढे जाता येत नव्हतं.

तू गेलीस त्या सकाळी बायकांनी तुला आंघोळ घातली तेव्हा पाय मी धुतले. कोणाला धुऊ दिले नाहीत. डाव्या घोट्याच्या वर कातडी काळसर होती, चकचकीत, थोडी पातळ. मी तिथे तळहात ठेवला. सपाट होती. कोरडी होती. कुठेही उघडी नव्हती.

आई, मी सहावीत असताना उघडलेली तुझी जखम माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी बंद झाली, आणि तू गेलीस त्या दिवसापर्यंत बंदच राहिली.